गर्भगृहात गेलेल्यांचा रकाना

आमदारांनी कोणत्या विधेयकावर काय मत दिलं, याचा तक्ता मी ठेवते. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय मोठं? सरकारच कुठेतरी लिहून ठेवत असेल आणि ही बाई ते उतरवून काढत असेल. तसं नाही. आमच्या छत्तीसगढच्या विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात. बाजूने असतील त्यांनी ‘हाँ’ म्हणायचं, विरोधात असतील त्यांनी ‘ना’. दोन्हीकडून गलका होतो, अध्यक्ष ‘हाँ की जीत हुई’ म्हणतात आणि विधेयक झालं. कोणाच्या तोंडून काय निघालं हे कोणी लिहीत नाही. नावानिशी मोजणी मागितली तरच होते, आणि ती क्वचित मागतात. त्यामुळे आपल्या आमदाराने काय केलं हे कळायचं असेल तर जमेल तिथून गोळा करावं लागतं. कामकाजाचा वृत्तांत वाचायचा, वर्तमानपत्रं चाळायची, पास मिळाला तर गॅलरीत जाऊन बसायचं.

मी नव्या रायपुरात एका संस्थेच्या कार्यालयात प्रशासन बघते. रजा, खरेदी, दुरुस्त्या, गाड्यांचे विमे. घरी फ्रिजवर एक यादी असते आणि कपाटाच्या दाराच्या आतून दुसरी. नवरा म्हणतो, “माझं लग्न ठरलं तेव्हा मी कोणत्या यादीत होतो ते एकदा दाखव.” हा तक्ता सुरू झाला तो गुढियारीच्या विहारात. रविवारच्या वंदनेनंतर पुरुष मंडळी चहा घेत वाद घालत होती, आपल्या आमदाराने अमुक विधेयकाला पाठिंबा दिला की विरोध केला यावर. प्रत्येकाला खात्री होती आणि कोणालाच माहीत नव्हतं. मला असा वाद सहन होत नाही. मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते.

पुढच्या रविवारी एका पानाचा तक्ता आणला. डावीकडे आमच्या जवळपासच्या मतदारसंघांचे आमदार, पुढे तीन रकाने: हो, नाही, गैरहजर. ज्याच्याबद्दल पक्कं कळलं नाही, त्याच्यापुढे काही लिहायचं नाही. लोकांना तो आवडला. विहाराच्या ग्रुपवर टाकला की तो बीरगावपर्यंत, सिलतऱ्याच्या कामगारांच्या ग्रुपपर्यंत जायचा. मी खोटं लिहीत नाही, हे सगळ्यांना माहीत झालं. मलाही.

बीरगावला माझी मावसबहीण राहते. मी तिला ताई म्हणते. नाल्याच्या कडेने घरांची एक ओळ आहे, तिच्या टोकाशी ताईचं घर. भाऊजी सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात होते, आता छातीच्या त्रासामुळे घरीच असतात. ओळीतल्या घरांकडे वीजबिलं आहेत, टॅक्सच्या पावत्या आहेत, रेशनकार्डं आहेत. पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, तेवढा नाही. जुन्या वस्त्यांच्या पट्ट्यांचं दुरुस्ती विधेयक येणार अशी बातमी आली, आणि त्यात नाल्याच्या कडेची घरं वगळली आहेत असंही कळलं. ताई त्यांच्या भागाच्या आमदारांकडे गेली. ते विरोधी बाकांवर बसणारे. ते म्हणाले, तुमच्या ओळीतल्या घरांचे पुरावे आणून द्या, मी सभागृहात दाखवतो.

ताईने घरोघर जाऊन कागदांच्या झेरॉक्स गोळा केल्या आणि पिशवी घेऊन माझ्याकडे आली.

“तू तं लिहिणारी बाई. मले एक फाईल लावून दे ना बाप्पा. असे चुरगळलेले कागद घेऊन गेली तं तो पीए म्हणन, भाजी आणली का.”

मी एका बैठकीत फाईल लावून दिली. घरांच्या क्रमाने, प्रत्येक घराला वेगळा कप्पा, पुढे अनुक्रमणिका. वर हिरवं प्लास्टिकचं कव्हर. ताईने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “हे तं आमच्या घरांपेक्षा चांगलं दिसून राहिलं.”

त्याच आठवड्यात तिने आमदारांच्या कार्यालयात उभं राहून माझ्यासाठी गॅलरीचा पास काढून आणला. पास आमदाराच्या शिफारशीनेच मिळतो. मला वाटलं, चांगलं झालं, या विधेयकाचा तक्ता डोळ्यांनी पाहून भरता येईल.

गॅलरीत पेन, कागद, फोन काही नेऊ देत नाहीत. सगळं दाराशी जमा करावं लागतं. म्हणून मी बाकांची मांडणी स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखी पाठ करते. या फळीवर तूरडाळ, तिच्या शेजारी चणाडाळ, मागच्या फळीवर पोहे. प्रत्येक आमदार एक डबा. डबा जागेवर आहे की नाही, झाकण उघडलं की नाही, एवढं लक्षात ठेवायचं आणि बाहेर पडल्या पडल्या लिहून काढायचं. या पद्धतीत माझी चूक होत नाही.

विधेयक चर्चेला आलं तेव्हा ताईचे आमदार उभे राहिले. हे विधेयक समितीकडे पाठवा, घाई करू नका, असं म्हणाले. वेळ संपली म्हणून त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. आवाज वाढला. मग ते आणि त्यांच्या शेजारचे काही जण बाकांवरून निघून अध्यक्षांच्या पुढच्या मोकळ्या जागेत आले. महाराष्ट्रात या जागेला वेल म्हणतात, हौद म्हणतात. आमच्याकडे गर्भगृह म्हणतात. आणि आमच्या विधानसभेचा नियम असा आहे की गर्भगृहात पाऊल टाकलं की सदस्य आपोआप निलंबित होतो. ठराव नको, चर्चा नको. अध्यक्षांनी नावं वाचली, ‘स्वयमेव निलंबित’ म्हणाले, आणि ती मंडळी घोषणा देत बाहेर गेली. ताईच्या आमदारांच्या हातात, डोक्याच्या वर धरलेलं, हिरवं कव्हर होतं.

मी ते पाहिलं. फाईल कोणाची, हे मला कव्हर पाहताक्षणी कळलं. आतला पहिला कप्पा कोणत्या घराचा, हेही मला माहीत होतं.

मग विधेयक मताला टाकलं. ‘हाँ’ची जीत झाली.

घरी आले, हातपाय धुतले आणि जेवणाआधी तक्ता भरायला बसले. सत्ताधारी बाकांवरचे, हो. उरलेल्या विरोधकांनी ‘ना’ म्हटलं होतं, त्यांना नाही. निलंबितांपाशी येऊन हात थांबला. मतदानाच्या क्षणी ते सभागृहात नव्हते. ‘नाही’ ते म्हणू शकले नव्हते, तेव्हा त्या रकान्यात त्यांना बसवणं चूक. चौथा रकाना काढावा असं मनात आलं. पण चौथा रकाना उभ्या पानावर मावत नव्हता. पान आडवं केलं असतं तर लोकांना फोन आडवा धरावा लागला असता, आणि आधीचे सगळे तक्ते उभे होते.

एवढंच कारण असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते. गॅलरीत बसून त्यांना ओरडताना पाहताना मला त्यांचा राग आला होता. एवढी नीट फाईल लावून दिली, कप्पे केले, अनुक्रमणिका केली, आणि हा माणूस ती एकेक पान उघडून दाखवायची सोडून झेंड्यासारखी हलवतो. वेळ संपली तर बसावं. पुन्हा वेळ मागावी. नियम माहीत असून गर्भगृहात जायचं म्हणजे मताचा हक्क आपल्या हाताने सोडून देणं. कार्यालयात असा माणूस मी अर्ध्या दिवसाची रजा लावून घरी पाठवला असता. मी त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं, आणि लिहिताना मला थोडं बरंही वाटलं.

तक्ता ग्रुपवर टाकला आणि जेवायला बसले.

ताईचा फोन आला तो दोन-तीन दिवसांनी, मी कार्यालयातून निघत असताना.

“काहून असं लिहिलं तू?”

“काय लिहिलं?”

“साहेब गैरहजर म्हणून. लोकं मले विचारून राहिले, तुमचे साहेब कुठं गेले होते त्या दिवशी. तो किराणावाला सगळ्यांसमोर म्हणते, दीदी, आपके विधायक जी तो छुट्टी पर थे. मी म्हटलं, माही बहीण तिथं बसली होती, तिले विचारा. तं तो मलेच फोन दाखवते. म्हणते, आपकी बहन ने ही तो लिखा है.”

मी तिला समजावलं. अगदी शांतपणे, जसं मी कार्यालयात नवीन माणसाला रजेचे नियम समजावते तसं. मतदानाच्या वेळी सभागृहात नसेल तो गैरहजर. कारण काहीही असो. तक्ता मतांचा आहे, भाषणांचा नाही.

“पण ते आमच्यासाठीच आत गेले होते ना?”

“हो. पण मत दिलं नाही.”

“देऊ कुठं दिलं त्याहीले?” ताई म्हणाली. नंतर म्हणाली, “तू पाहिलं ना आपली फाईल त्याहीच्या हातात?”

“पाहिली.”

“मग ठीक आहे,” असं म्हणून तिने फोन ठेवला. तिच्या त्या ‘ठीक आहे’मध्ये काहीच ठीक नव्हतं. ते मला तेव्हाही कळलं होतं. पण बस आली आणि मी चढले.

विधेयक झालं तरी एक वाट उरली होती. वगळलेल्या घरांना निगमात, म्हणजे महापालिकेत, हरकतीचा अर्ज देता येणार होता. एकट्याने दिला तरी चालत होता, पण ओळीने मिळून सामूहिक अर्ज दिला तर सगळ्या ओळीचा सर्व्हे एकदम होणार होता. त्यासाठी प्रत्येक घराची सही हवी आणि सोबत मूळ कागद दाखवायला हवेत. आमदारांचं पत्र जोडायचं होतं. ताई यासाठी पुन्हा घरोघर फिरत होती. त्या रविवारी मी बीरगावला गेले तेव्हा ती दारात बसून तांदूळ निवडत होती, आणि शेजारच्या खुर्चीवर अर्जासाठी नव्याने जमवलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा ठेवलेला होता.

“हे काय?”

“वापस मागून राहिले सगळे. म्हणते, गैरहजर माणसाच्या भरवशावर कागद कशाले ठेवता? मी म्हटलं, घेऊन जा बाप्पा, तुमचेच हायेत.”

भाऊजी आतून खोकत म्हणाले, “तिले काही म्हणू नको. तिनं खरं तेच लिहिलं.”

“हो, खरं लिहिलं,” ताई म्हणाली, “म्हणून तं झालं. खोटं लिहिलं असतं तं कोणी वाचलंच नसतं.”

ती रागावून बोलली असती तर मी पुन्हा नियम सांगितला असता. ती खडे वेचत राहिली. मी गठ्ठा मांडीवर घेतला आणि सवयीने घरांच्या क्रमाने लावायला लागले. मधली बरीच घरं नव्हती.

तिथेच बसून मी फोनवर तक्ता पुन्हा केला. पान आडवं केलं. चौथा रकाना काढला आणि त्यावर लिहिलं: विरोधात गर्भगृहात गेले, निलंबित. खाली तीन ओळींत नियम समजावला, मागच्या तक्त्यात माझी चूक झाली असं स्पष्ट लिहिलं, आणि पहिला तक्ता गेला होता त्या सगळ्या ग्रुपवर टाकला. या सगळ्याला चहा होईपर्यंतचा वेळ लागला. त्या संध्याकाळी चौथा रकाना काढायला जो वेळ लागला असता, त्याहून जास्त नाही.

पण दुसरा तक्ता पहिल्यासारखा धावला नाही. पहिला कोणीतरी वर लाल अक्षरात ‘देख लो अपने विधायक को’ असं लिहून पुढे पाठवला होता, तो घरोघर पोहोचला. दुसऱ्याला विहाराच्या ग्रुपवर अंगठे मिळाले आणि तो तिथेच राहिला.

तेव्हा मी ताईला म्हटलं, “चल, मी येते तुझ्यासोबत. मी सांगते सगळ्यांना.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. “चप्पल बदल. चिखल आहे.”

आम्ही ओळीच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. मी प्रत्येक दारात तेच सांगत होते: ते आले होते, बोलले, तुमचे कागद घेऊन पुढे गेले, म्हणून बाहेर काढले गेले, मी चुकीच्या जागी लिहिलं. काही घरांनी लगेच सही केली. एका बाईने मला पाणी दिलं आणि ताईला हळूच विचारलं, “सच में बहन है आपकी?” एका घरातले वयस्क गृहस्थ गोंदियाकडचे, भाऊजींबरोबर भट्टीवर काम केलेले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही तक्ते पाहिले.

“बाई, पहिला कागद आम्ही खरा मानला,” ते म्हणाले. “काहून, का तुम्ही लिहिला. आता दुसरा बी तुम्हीच लिहिला. सांगा, मी कोणता मानू?”

मी म्हटलं, “दुसरा.”

“परवा तिसरा येईन.”

“नाही येणार.”

“बघा हं,” असं म्हणून त्यांनी सही केली, पण माझ्याकडून पेन घेतलं नाही. खिशातलं स्वतःचं काढलं.

मी घरांची यादी करत चालले होते. ताईच्या घराच्या अलीकडचं, भिंतीला भिंत लागून असलेलं घर बंद होतं. कुलूप. मी त्याच्यापुढे ‘नाही’ लिहायला गेले.

“अवं, कुलूप हाय म्हणजे नाही म्हणत नाही तो,” ताई म्हणाली. “शिफ्टले गेला असन. थांब ना जरा.”

मी लिहिलेला ‘ना’ खोडला. आम्ही त्यांच्या पायरीवर बसलो. पलीकडे नाल्याचं पाणी काळं, त्यावर कारखान्याची राख. ताई म्हणाली, हा माणूस तिच्या अडीअडचणीला पहिला धावून येणारा. भाऊजींना दवाखान्यात नेलं तेही यानेच. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली आणि तो चालत आला. चेहऱ्यावर, कानांच्या पाळ्यांवर काळी धूळ. छत्तीसगढीच माणूस, मराठी समजतं पण बोलत नाही.

ताईने सगळं सांगितलं. त्याने कुलूप उघडता उघडता ऐकलं.

“हव दीदी, मैं तो दस्तखत कर दूँ,” तो म्हणाला. “कागज तो दे दिया.”

“कोणाले दिले?”

त्याने सांगितलं, समोरच्या पक्षाचं काम करणारा एक जण आला होता. त्याच्याकडे माझा पहिला तक्ता छापलेला होता. म्हणाला, तुमचे आमदार तर सभागृहात नव्हतेच, माझ्याकडे द्या, मी वरून काम करून देतो. याने घराचे मूळ कागद दिले. पावत्या, बिलं, बापाच्या नावाचं जुनं रेशनकार्ड.

“झेरॉक्स नाही? असली दिले?”

“असली माँगा, दीदी. बोला, झेरॉक्स का क्या करूँगा.”

“वापस मागितले का?”

“फोन नहीं उठाता.” मग माझ्याकडे पाहून त्याने विचारलं, “आप ही वो लिखने वाली दीदी हैं?”

मी हो म्हटलं. तो आत जाऊन माझ्यासाठी खुर्ची घेऊन आला.

अर्जाची मुदत संपायला आली होती. सोमवारी अर्ज द्यायचा ठरला. ताईच्या घरी जमिनीवर बसून मी तो हिंदीत लिहिला, घरं ओळीच्या क्रमाने. त्याच्या घरापाशी आले. मूळ कागदांशिवाय ते घर यादीत धरणार नाहीत हे मला माहीत होतं. वगळलं तर ओळ तिथे तुटणार होती आणि त्यापलीकडे ताईचं घर एकटं राहणार होतं. मी त्याचं नाव लिहिलं, त्याने सही केली, आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं की मूळ कागद दुसऱ्या व्यक्तीकडे आहेत, मिळताच सादर करू.

मग मी ताईला विचारलं, “कागद का गेले, ते लिहू का? माझ्या तक्त्यामुळे गेले म्हणून?”

“निगमातला साहेब काय करन तुह्या तक्त्याचं?” ताई म्हणाली. “अक्षर मोठं काढ. त्याले वाचता आलं पाहिजे.”

अर्ज घेतला गेला. पोचपावती मिळाली. सर्व्हे अजून झालेला नाही. ज्याने कागद नेले त्याच्या घरी मी दोनदा जाऊन आले. एकदा तो नव्हता, एकदा म्हणाला शोधून ठेवतो. तक्ता मी अजून ठेवते, आडव्या पानावर. लोक फोन आडवा धरतात. कोणीही तक्रार केली नाही.

बीरगावला गेले की शेजारचा माणूस हमखास दिसतो. मला तो नमस्कार करतो, खुर्ची विचारतो, कागदांचं कधी विचारत नाही. विचारतो तो ताईला, भिंतीपलीकडून, माझ्यादेखत: “दीदी, कागज आइस का?” ताई आतून म्हणते, “कागद येईन.” आणि मी दारात उगाच चप्पल काढायला वेळ लावत उभी राहते.